डॅलसला येताय आणि बंदुकीबद्दल विचारलंत म्हणून

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर डॅलसला येताय, मुलगी दुसरीत जाईल, आणि आधी आलेले मित्र म्हणतात की टेक्ससमध्ये घरात पिस्तूल असलेलं बरं. ते घेता येतं का, आणि तिथे कुणालाही बंदूक मिळते हे खरं का, असं तुम्ही विचारलंत. घर, गाडी, विमा यांची माहिती ढिगानं मिळेल, ती सोडते. हा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

तुम्हाला पिस्तूल घेता येणार नाही. तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा गोळ्या नुसत्या जवळ बाळगणं हासुद्धा केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे, आणि 2022 पासून त्याला 15 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. राज्याचा शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते. मी तो रस्ता सुचवणार नाही. ऑफिसातले लोक हौसेनं शूटिंग रेंजवर बोलावतील, तिथे भाड्याची बंदूक हातात घेणंही अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळालं की ही बंदी उठते. त्यासाठी आपल्या भारतीयांची रांग किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता बाकीच्यांचं. परवानाधारक दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरायचा, त्यात गुन्हे, घरगुती हिंसाचार, अमली पदार्थ, व्हिसा असे प्रश्न. दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेला विचारतो, उत्तर बहुतेक वेळा काही मिनिटांत येतं. 1993च्या ब्रॅडी कायद्यातून आलेली ही यंत्रणा 1998 पासून चालू आहे. कामाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. आणि टेक्ससमध्ये एका माणसानं स्वतःची बंदूक राज्यातल्याच दुसऱ्याला विकली तर ही तपासणी लागतच नाही. 2021 पासून तर 21 वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल घेऊन फिरायलाही परवाना लागत नाही.

तपासणीला कळतं ते फक्त नोंदीत असेल तेवढंच. टेक्ससमधल्याच सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये 2017 साली गोळीबार करणाऱ्याला हवाई दलात असताना बायकोला आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झाली होती. हवाई दलानं ती एफबीआयला कळवलीच नव्हती, म्हणून त्याला दुकानात बंदुका मिळाल्या. टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत 2022 साली 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारणाऱ्या मुलानं 18 पूर्ण होताच रायफली घेतल्या, अगदी कायदेशीर.

माझ्या मनात सलतं ते इथेच. लेकीच्या शाळेत घरची भाषा मराठी लिहिली म्हणून इंग्रजी छान बोलणाऱ्या पोरीची परीक्षा घेतली, वेगळ्या गटात बसवलं, आणि ते काढायला मला कागद घेऊन फिरावं लागलं. जेवणाच्या सुट्टीत मदतीला जायचं तर माझी गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासतात, दारात ओळखपत्र स्कॅन करतात. ते मला मान्य आहे, मुलं आत असतात. पण तेवढीही तपासणी पार्किंगमधल्या बंदुकीच्या सौद्याला नसावी, याचा मला आजही संताप येतो.

मी बंदुकीला बिचकणाऱ्या घरातली नाही. सिंधुदुर्गात काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, इकडे रानडुकरं भात लोळवायची, आणि काका चिडायचे. पण बंदूक कुठे आहे ते सरकारला माहीत असायचं.

2023च्या मे महिन्यात डॅलसजवळच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये एका बंदूकधाऱ्यानं 8 जणांना मारलं. आपली निम्मी मंडळी तिथेच कपडे घेते. त्या शनिवारी आम्ही घरी होतो, तरी मी बराच काळ दुकानात शिरले की आधी मागचं दार शोधायचे. आईला हे कधी सांगितलं नाही.

एकटेपणाचं विचारलंत. तो होतो सवयीचा. मंडळ आहे, गणपती आहे, चिंता करू नका.

त्यापेक्षा एक करा. मुलीला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी विचारा, "घरात बंदूक आहे का? कुलुपात असते का?" भरलेली बंदूक 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू दिली तर टेक्ससमध्ये गुन्हा आहे, पण तो हाती लागल्यावर. आपल्याला हे विचारायची भीड वाटते, मलाही फार वाटली. पण पहिल्यांदा विचारलं त्या बाई इथल्याच, पिढीजात शिकारी घरातल्या. त्यांनी मला थेट तिजोरी दाखवली, गोळ्या वेगळ्या ठेवलेल्या दाखवल्या, आणि म्हणाल्या, सगळ्यांनी विचारायला हवं.

शाळेत लॉकडाऊन ड्रिल होतं, म्हणजे कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा सराव: दार बंद, दिवे बंद, कोपऱ्यात गप्प बसायचं. ते कधी आहे हे पहिल्याच आठवड्यात बाईंना विचारून ठेवा, आदल्या रात्री मुलीला तुम्हीच मराठीत समजावून सांगा, आणि त्या दिवशी दोघांपैकी एकानं लवकर घरी या.