पुढच्या माणसाची छत्री

बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझ्याच डब्यातून माणूस पडला, तेव्हापासून डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर पाय जड होतात. आठवडाभर रजा टाकलीस. रात्री उठून आईचा श्वास चालू आहे ना, ते बघतोस. आणि शेवटी विचारलंस, 'सर, देव असून इतकी भीती वाटते म्हणजे माझी श्रद्धा कच्ची का?'

नाही रे. भीती सगळ्यांनाच वाटते. तिला घरातली कर्ती होऊ देऊ नकोस, एवढंच.

26 जुलै 2005 चं तुला आठवणार नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. गाड्या बंद पडल्या, मी कुर्ल्याला उतरून घाटकोपरकडे चालू लागलो. लालबहादूर शास्त्री मार्गावर कंबरभर पाणी, वीज गेलेली. कुठल्या गटाराचं झाकण उघडं असेल, या धास्तीने एका दुकानाच्या पायरीवर तासभर खिळून राहिलो. घरी मुलगी चार वर्षांची. तोंडाने विठ्ठल विठ्ठल चाललं होतं, पण खरं सांगू? ती घासाघीस होती. मला घरी पोचव, मी वारी करीन.

तेवढ्यात दहा-बारा माणसं एकमेकांचे हात धरून रांगेने आली. सगळ्यात पुढे एक म्हातारबाबा. मिटलेल्या छत्रीने पाण्याखालची जमीन चाचपायचे, 'रामकृष्णहरी' म्हणायचे आणि पाऊल टाकायचे. पुन्हा चाचपायचे. रांगेतल्या शेवटच्या माणसाने माझ्यापुढे हात केला आणि मी पाण्यात उतरलो. त्या बाबांचा देवावर पुरा भरवसा होता, आणि चाचपल्याशिवाय त्यांनी एकही पाऊल टाकलं नाही. रात्री दोनला घरी पोचलो.

त्या पावसात मुंबईत शेकडो माणसं गेली. त्यांच्याही घरी देव्हारा असेल, त्यांनीही हात जोडले असतील. मग मीच का वाचलो? हे कितीतरी वर्षं सलत राहिलं, आणि उत्तर मिळालं असं मी तुला खोटं सांगणार नाही. एक मात्र उमगलं. 'तुला काही होणार नाही' असा शब्द विठ्ठलाने मला कधी दिलाच नव्हता. तो मीच त्याच्या तोंडी घातला होता. तरलो तरी त्याच्या हातात, बुडालो तरी त्याच्याच हातात, हे मनात बसलं तेव्हा माझी घासाघीस थांबली. वारीला पुढे गेलो, पण नवस फेडायला म्हणून नाही.

तेव्हा तुझी छत्री तू सोडू नकोस. दारात उभा राहू नकोस, खच्चून भरलेली गाडी सोडून दे. साहेब रागावले तर रागावू देत. त्या अपघाताचा व्हिडिओ मोबाइलमधून आजच्या आज काढून टाक. छाती आवळत असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखव. त्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. आणि रात्री अंथरुणावर पडण्याआधी देव्हाऱ्यापुढे बसून मोठ्याने म्हण, 'आई तुझ्या स्वाधीन, आता तू जागा राहा.' मुलीसाठी मी हे रोज म्हणायचो. ती आता पुण्यात असते, तरी अजून म्हणतो.

येत्या एकादशीला संध्याकाळी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जाऊ. दुपारच्या रिकाम्या गाडीने कुर्ल्यापर्यंत एकटा ये. हार्बरच्या फलाटावर मी उभा असेन, तिथून पुढे बरोबर जाऊ. परतताना तुला डोंबिवलीपर्यंत सोडायला येईन. आईसाठी तुळशीमाळ घ्यायची आहे, तीही तेव्हाच घेऊ.

तुझे,
सर