झुंबर हललं, इमारत हलली का?

प्रश्न : दांडिया बाजारातलं जुनं घर विकून आम्ही गोत्रीत चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. जूनमधल्या वादळात रात्रभर खिडक्या शिट्ट्या घालत होत्या, हॉलमधलं झुंबर हलत होतं. २६ जानेवारी २००१चा भूकंप आठवून मी देवापाशी बसून राहिले. मुलगा म्हणतो, उंच इमारती हलायलाच हव्यात. खरं का?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : ताई, मुलगा अर्धा बरोबर आहे. उंच इमारती हलतात, पण तुमची त्या अर्थानं उंच नाहीच. चौदा मजले म्हणजे ४२-४५ मीटर. तिचं हलणं माणसाला सहसा कळत नाही. पुढच्या वादळात सगळ्या खिडक्या, बाल्कनीचं दार घट्ट लावा आणि झुंबराकडे बघा. थांबलं, तर ते खिडकीच्या फटीतून आलेल्या वाऱ्यानं हलत होतं. शिट्टीही त्याच फटीची. सरकत्या खिडकीची रबरी पट्टी बदलून घ्या.

तुम्ही बडोद्याच्या, तेव्हा उतरायणात निदान फिरकी तरी धरली असेल. गच्चीवर लोळणारा पतंग शेजारच्या टाक्यांच्या वर गेला की कसा तट्ट होतो! वर वारा जास्त, हे तिथंच कळतं. आणि ताणलेला मांजा कानाशी नेला की गुणगुणतो. वारा त्याला वळसा घालताना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरा सोडतो. प्रत्येक भोवरा मांज्याला आडवा खेचतो, सेकंदाला हजार-दोन हजार वेळा. तीस मीटर रुंद मनोऱ्यामागे तेच भोवरे आठ-दहा सेकंदांनी एक असे सुटतात. त्यांचा ठेका मनोऱ्याच्या स्वतःच्या झोक्याशी जुळला, की झोपाळ्याला वेळेवर हात लावल्यासारखं होतं. गंमत म्हणजे मनोरा तेव्हा वाऱ्याच्या दिशेनं नाही, आडवा डोलतो.

म्हणून असल्या इमारतींची छोटी प्रतिकृती करून वाऱ्याच्या बोगद्यात ठेवतात. ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा टप्प्याटप्प्यानं आकार बदलत वर जातो तो काही शोभेसाठी नव्हे. वेगवेगळ्या उंचीवरचे भोवरे एका ठेक्यात येऊ नयेत म्हणून. तैवानमधल्या तैपेई १०१ या मनोऱ्यात तर वरच्या मजल्यांत ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलाय, डोलणं जिरवायला. तुमच्या इमारतीचा एक झोका जेमतेम सेकंदाचा. ती वीसेक मीटर रुंद धरली, तर ठेका जुळायला ताशी पाचशे किलोमीटरच्या वर वारा लागेल. इमारतींवर येणाऱ्या भारांसाठीचं भारतीय मानक आहे आयएस ८७५. त्याच्या तिसऱ्या, वाऱ्यावरच्या भागात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग धरलाय सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर.

तोही कमी नाही हं. दर चौरस मीटरला ११८ किलोंच्या आसपास दाब होतो. भूकंप पायातून हादरवतो, जड इमारतीला जास्त छळतो. वारा हलकं, सैल ते उचलतो. नोकरीच्या इतक्या वर्षांत वाऱ्यानं पडलेली पक्की इमारत मी पाहिली नाही, गच्चीवरचे पत्रे मात्र किती उडालेले पाहिले! पत्रा वारा ढकलत नाही, वरून ओढून नेतो. ही ओढ सर्वांत जास्त कडांना आणि कोपऱ्यांना.

तुमची बाल्कनी कोपऱ्यात आहे का, ते लिहिलं नाहीत. असो वा नसो, कठड्यावरच्या कुंड्या आजच खाली उतरवा, तुळससुद्धा. आणि झुंबराचा निकाल कळवा.