बॉम्ब सुटल्यानंतरचे अर्धे मिनिट

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात रात्री जर्मनीवर जाणाऱ्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांना बॉम्ब सोडून झाल्यावरही काही वेळ सरळ रेषेतच उडावे लागे, असे वाचनात आले. खालून तोफांचा मारा चालू असताना त्यांना लगेच वळण्याची मुभा का नव्हती?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ते अर्धे मिनिट छायाचित्रासाठी राखलेले असे. बॉम्ब सुटताच विमानातील कॅमेऱ्याची यंत्रणा आपोआप सुरू होई आणि मागच्या नळीतून छायाचित्रापुरता लखलखाट करणारा एक प्रकाशबॉम्ब खाली पडे. सुमारे ६,००० मीटर उंचीवरून बॉम्ब जमिनीवर पोहोचायला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ विमान सरळ आणि समपातळीत राहिले, तरच प्रकाशबॉम्ब फुटताना बॉम्ब पडत असलेली जागा कॅमेऱ्याच्या टप्प्यात येई. ते जरा कलले की भलताच भाग टिपला जाई.

हा आग्रह कशासाठी, हे १९४१ च्या बट अहवालावरून कळते. चर्चिल यांचे शास्त्रीय सल्लागार लॉर्ड चेरवेल यांच्या सांगण्यावरून डी. एम. बट या अधिकाऱ्याने त्या वर्षीच्या जून आणि जुलैमधील ६०० हून अधिक छायाचित्रे तपासली. लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी सरासरी तिनांतले एकच लक्ष्यापासून पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या आत पोहोचले होते, आणि कारखान्यांच्या धुराने झाकलेल्या जर्मनीतील रूर खोऱ्यात तर दहांतले एकच. सोलापूर स्थानकावर नेम धरावा आणि बॉम्ब शहराबाहेर ज्वारीच्या रानात पडावेत, तरीही ते विमान त्या यशस्वी एकात मोजले गेले असते, इतके हे माप सैल होते. विमानातली माणसे खोटे सांगत होती, असे मात्र मुळीच नाही. काळोख, ढग आणि जर्मनांनी मुद्दाम पेटवलेल्या फसव्या आगी यांतून त्यांना जे दिसले, तेच ती प्रामाणिकपणे सांगत होती. म्हणूनच पुढे तोंडी अहवालाच्या जोडीला छायाचित्राचा पुरावा आवश्यक मानला गेला.

विमानात सात जण असत. बॉम्ब सोडणारा नाकाडातल्या काचेमागे पालथा पडून वैमानिकाला डावीकडे, उजवीकडे अशा सूचना देई. काही टनांचे ओझे सुटताच विमान एकदम वर उसळे, आणि मग सुटकेसाठी सर्वांचे हात शिवशिवत असतानाच वैमानिकाला ते पुन्हा स्थिर धरावे लागे. शोधझोतात सापडल्यावर किंवा लढाऊ विमान मागे लागल्यावर गिरक्या घेत खाली-वर होणे हा त्यांचा नेहमीचा बचाव होता, आणि नेमका तोच या वेळी वापरता येत नसे. शेपटातल्या बुरुजात एकटा बसलेला तोफची गोठवणाऱ्या थंडीत मागचा अंधार न्याहाळत राही. माझ्या मते, त्या साऱ्या फेरीत याहून कठीण काळ क्वचितच असेल.

ब्रिटनच्या या बॉम्बफेकी दलातील सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ मृत्यू पावले. जुलै १९४३ मध्ये याच दलाच्या हल्ल्यांनी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पेटलेल्या अग्नितांडवात ३०,००० हून अधिक नागरिक गेले. छायाचित्रांवरून बॉम्ब कुठे पडले हे ठरवता येई. खाली किती माणसे होती, हे त्यांत उमटत नसे, आणि आपल्या प्रश्नाला उत्तर देताना तेही सांगणे मला आवश्यक वाटते.