वेगळ्या ठेवलेल्या दोन क्लाउड अकाउंटमध्ये डेटाचं रेप्लिकेशन सुरक्षित कसं ठेवायचं?

तुम्ही विचारलंय: प्रॉडक्शन (रोजचं चालू काम) आणि रिकव्हरी (संकटात सावरायला ठेवलेल्या प्रती) अशी दोन एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) अकाउंट मुद्दाम वेगळी ठेवली, आता एकातून दुसऱ्यात एस-थ्रीचा (फाइली साठवणारी सेवा) आणि पोस्टग्रेसचा (डेटाबेस) डेटा सतत जाणार, म्हणजे रेप्लिकेशन होणार, मग ती वेगळी राहिली कुठे? शंका रास्त आहे. मी अशा रचनांना एकच कसोटी लावतो. उद्या प्रॉडक्शनचं ॲडमिन लॉगिन चोराच्या हाती पडलं, तर तो रिकव्हरीतल्या प्रतींचं काय वाकडं करू शकेल?

भीती उगाच नाही. कोड स्पेसेस ही सोर्स कोड सांभाळणारी कंपनी २०१४ मध्ये यातच संपली. हल्लेखोराने तिच्या क्लाउडच्या कंट्रोल पॅनेलवर ताबा मिळवला, खंडणी मागितली, आणि कंपनी पॅनेल परत मिळवायला धडपडत असताना डेटा, स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत), बॅकअप सगळं पुसत गेला. प्रती होत्या, पण त्या पुसण्याचा अधिकारही त्याच पॅनेलमध्ये होता.

एस-थ्रीचं रेप्लिकेशन प्रॉडक्शनमधल्या एका आयएएम रोलच्या (ठरावीक परवानग्या असलेली एडब्ल्यूएसमधली ओळख) नावाने चालतं. तो रोल कुणी वापरायचा हे प्रॉडक्शनचा ॲडमिन कधीही बदलू शकतो, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. लगाम रिकव्हरी बकेटच्या (एस-थ्रीमधला फाइलींचा कप्पा) पॉलिसीत, म्हणजे परवानग्यांच्या नियमांत हवा. तिथे फक्त त्या रोलला, फक्त प्रत लिहिण्याची परवानगी द्या. नमुना म्हणून फिरणाऱ्या पॉलिसींमध्ये बऱ्याचदा रेप्लिकेट-डिलीटही (पुसणं पलीकडे नेण्याची परवानगी) जोडलेलं असतं; ते काढून टाका. फाइलची एखादी आवृत्ती कायमची पुसली तर ते पुसणं एस-थ्री पलीकडे पाठवतच नाही, पण डिलीट मार्कर (‘ही फाइल पुसली’ अशी नुसती खूण) मात्र सेटिंग चालू केलं तर जातात. रिकव्हरीसाठी ते बंदच बरं.

एन्क्रिप्शनच्या किल्लीबाबत लोक घाई करतात, आणि माझ्या मते दोन अकाउंटमधली खरी सीमा तिथेच ठरते. रिकव्हरीतल्या प्रतींसाठी केएमएसची (एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सेवा) किल्ली रिकव्हरी अकाउंटमध्येच बनवा. रोलला मूळ किल्लीवर डिक्रिप्ट (कुलूप उघडून वाचणं) आणि या नव्या किल्लीवर फक्त एन्क्रिप्ट द्या. मग प्रॉडक्शनकडून डेटा आत टाकता येतो, टाकलेला परत वाचता येत नाही. सोय म्हणून दोन्हीकडे प्रॉडक्शनचीच किल्ली वापरलीत, तर ती हाती असणारा माणूस मूळ डेटा आणि प्रत दोन्ही एकदम निकामी करू शकतो. किल्ली पुसण्याआधी केएमएस ७ ते ३० दिवस थांबतं खरं, पण ती नुसती बंद करायला काहीच थांबावं लागत नाही. आणखी एक: केएमएसने एन्क्रिप्ट केलेले ऑब्जेक्ट (एस-थ्रीमधल्या फाइली) आपोआप रेप्लिकेट होत नाहीत, तो पर्याय वेगळा निवडावा लागतो. नियम लावण्याआधीचे ऑब्जेक्टही जात नाहीत. त्यांच्यासाठी बॅच रेप्लिकेशन चालवा.

आता समजा, चोराने काहीच पुसलं नाही, सगळ्या फाइलींवर नुसता कचरा लिहिला. रेप्लिकेशन तो कचरा इमानेइतबारे पलीकडे पोहोचवेल. जुन्या आवृत्त्या खाली शाबूत असतात, पण जुन्या आवृत्त्या आठवडाभराने पुसणारा लाइफसायकल नियम रिकव्हरी बकेटवर असेल, तर चोराला फक्त आठवडाभर गप्प बसायचंय. म्हणून तिथे ऑब्जेक्ट लॉक लावा, तेही कंप्लायन्स मोडमध्ये. मुदत संपेपर्यंत रूट वापरकर्त्यालाही (अकाउंटचा सर्वाधिकारी) ती आवृत्ती पुसता येत नाही. मुदत किती ठेवायची? घुसखोरी तुमच्या लक्षात यायला जास्तीत जास्त जितका वेळ लागू शकतो, त्याहून लांब. पण आधी एक-दोन दिवसांची मुदत लावून बघा. या मोडमध्ये लावलेली मुदत कमी करता येत नाही, आणि तोवर साठवणुकीचं बिल चालूच राहतं.

पोस्टग्रेसच्या लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये (टेबलांमधले बदल पाठवत राहण्याची पद्धत) जोडणी सबस्क्रायबर, म्हणजे डेटा घेणारा, उघडतो, म्हणजे तुमच्याकडे रिकव्हरीची बाजू. हे आपल्या पथ्यावरच पडतं: प्रॉडक्शनकडून रिकव्हरीकडे जाणारा रस्ता उघडायची गरजच उरत नाही. दोन व्हीपीसींमध्ये (अकाउंटची खासगी नेटवर्क) सरसकट पीअरिंग करू नका, म्हणजे ती नेटवर्क एकमेकांना जोडू नका; प्रायव्हेटलिंकमधून (एकाच सेवेपुरती खासगी जोडणी) डेटाबेसचा तेवढा एक पोर्ट द्या. डिलीट आणि ट्रंकेट (अख्खं टेबल रिकामं करणं) पब्लिकेशनमधून (काय पाठवायचं याची व्याख्या) वगळता येतात, पण चुकीचं अपडेट तरीही पलीकडे पोहोचतंच. म्हणून रिकव्हरी बाजूला स्वतंत्र स्नॅपशॉट हवेतच. पुढे ॲनालिटिक्सच्या अकाउंटलाही डेटा द्यायची वेळ आली तर जपून. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १५ पासून ठरावीक कॉलमच पाठवायची सोय आहे, पण तिच्या भरवशावर गोपनीय कॉलम लपवू नका. वाईट हेतूचा सबस्क्रायबर न पाठवलेले कॉलमही मिळवू शकतो, असं पोस्टग्रेसचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच बजावतं. गाळलेली प्रत वेगळ्या डेटाबेसमध्ये बनवा आणि तिथूनच पाठवा.

एवढं करूनही वरच्या पातळीवर भगदाड राहू शकतं. ऑर्गनायझेशन्समधून (अनेक अकाउंट एकत्र सांभाळायची एडब्ल्यूएसची सोय) तयार केलेल्या अकाउंटमध्ये मॅनेजमेंट अकाउंटला (त्या गटाचं मुख्य अकाउंट) पूर्ण ॲडमिन अधिकार देणारा रोल आपोआप बनतो. दोन्ही अकाउंटची लॉगिनही एकाच सिंगल साइन-ऑनमधून (सगळीकडे चालणारी एकच लॉगिन व्यवस्था) येत असतील, तर त्याचा ॲडमिन स्वतःला दोन्हीकडे परवानगी देऊ शकतो. आणि अकाउंटच बंद केलं तर कंप्लायन्स मोडमधला डेटाही शिल्लक राहत नाही. शक्य असेल तर रिकव्हरी वेगळ्या ऑर्गनायझेशनमध्ये न्या, वेगळ्या माणसांच्या वेगळ्या लॉगिनने. कंपनीच्या वरिष्ठांना हे पटवणं तांत्रिक कामापेक्षा जड जातं, तरी इथे माघार घेऊ नका.

सगळं लावून झालं की प्रॉडक्शनच्या ॲडमिन लॉगिनने ठरवून प्रयत्न करा: रिकव्हरीतली आवृत्ती पुसून बघा, प्रत वाचून बघा, तिथली किल्ली बंद करून बघा. दरवेळी परवानगी नाकारली गेलीच पाहिजे. मग फक्त रिकव्हरीची लॉगिन वापरून, प्रॉडक्शन उरलेलंच नाही असं धरून, डेटाबेस उभा करून बघा. कुठे अडलात तर अकाउंट क्रमांक खोडून पॉलिसीचा मजकूर इथे टाका, मी बघतो.