दशमांशातून आईबाबांना पैसे पाठवले तर चालेल का?

टोरांटोजवळ राहणाऱ्या, मूळच्या नवापूरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव देत नाही. मजकूर थोडक्यात असा:

"सलाम. माझे बाबा ७४ वर्षांचे, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आईला बीपी आहे, गुडघेही धरलेत. दोघंच नवापूरला असतात. बहीण नंदुरबारला दिली आहे, ती येऊन-जाऊन बघते. मी इथल्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) डीकन, म्हणजे सेवेचं पद सांभाळणारा, आहे. दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, कधी चुकवला नाही. शिवाय आमच्याच तालुक्यातल्या एका सेवाकार्याला दरमहा देणगी पाठवतो. घराचा हप्ता, मुलांचं शिक्षण यातून गावी पाठवायला फारसं उरत नाही. आईला विचारलं की म्हणते, 'बठ्ठं बरं शे (सगळं ठीक आहे), तू आमनी काळजी करू नको.' मागच्या महिन्यात बहिणीकडून कळलं, की आई बीपीची गोळी अर्धी मोडून खाते, पाकीट जास्त दिवस पुरावं म्हणून. तेव्हापासून झोप लागत नाही. दशमांशातली अर्धी रक्कम आईबाबांना पाठवली तर देवापुढे ते योग्य ठरेल का? माझी पत्नी म्हणते, भुसावळला तिचेही आईवडील आहेत. त्यांचं काय?"

भाऊ, सलाम.

आधी गोळीचं बघा, बाकी सगळं नंतर. बीपीची गोळी मनाने अर्धी केली की दाब वर जातो आणि वरून काही कळतही नाही. कळतं ते एकदम, लकवा मारल्यावर. आजच बहिणीशी बोला. या आठवड्यात आईला डॉक्टरांकडे न्यायला सांगा, दाब मोजून घ्या, गोळ्या किती आणि कधी घ्यायच्या ते कागदावर लिहून घ्या. तीन महिन्यांची औषधं एकदम आणून ठेवायचे पैसे आज पाठवा. कुठल्या खात्यातून पाठवायचे हा प्रश्न आज मनात आणू नका.

आता दशमांशाचं. माझं मत सरळ सांगते: दशमांशातून देऊ नका.

घराच्या हप्त्याचे किंवा मुलांच्या फीचे पैसे तुम्ही दशमांशातून भरत नाही. तो घरखर्च आहे. आईबाबांची औषधं, किराणा, लाइटबिल हाही तुमचा घरखर्चच आहे, फक्त ते घर नवापूरला आहे. तो देवाच्या वाट्यातून भागवायचा म्हणजे आईबापाला दानधर्माच्या यादीत बसवणं. ज्या मास्तरांनी वसतिगृहातल्या पोरांना आपल्या पगारातून वह्या घेऊन दिल्या असतील, त्यांच्या वाट्याला मुलाकडून दान यावं का?

पण यावर कुणी म्हणेल, "बरं झालं, दशमांश शाबूत राहिला, आता उरलं तर आईला." त्यांनी बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडावा. यरुशलेमहून आलेल्या परूशी आणि शास्त्री या यहुदी धर्मपुढाऱ्यांशी प्रभू येशू बोलतो आहे. त्या काळी माणूस आपल्या मालमत्तेबद्दल 'कुर्बान' म्हणायचा, म्हणजे हे देवाला अर्पण झालं. मग आईबापाने हात पसरला तरी त्यातलं त्यांना देता येत नाही, असं शास्त्री सांगायचे. प्रभूने त्यांना सुनावलं, की तुम्ही आपल्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता. आणि वचन कोणतं? "आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख." देवाला देण्यात प्रभूने कुठे दोष काढलेला नाही. देवाला दिलं हे कारण आईबापाला सांगण्यात त्याने दोष काढला.

तुमच्या पत्रात मला सर्वात टोचलं ते हे, की ज्या तालुक्यातल्या सेवाकार्याला टोरांटोहून देणगी जाते, त्याच तालुक्यात देणगीदाराची आई गोळी मोडून खाते. ती देणगी तुम्ही मनापासून देता यात शंका नाही. तरी सहा महिने ती थांबवा आणि सेवाकार्याच्या लोकांना कारण स्वच्छ सांगा. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, की मुलानातवंडांनी भक्ती आधी आपल्या घरात शिकावी आणि वडिलांचे उपकार फेडावेत. पुढे तर त्याहून कडक आहे: जो घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने विश्वास नाकारला. लिहिणारे मिशनऱ्यांचे मिशनरी होते, हे लक्षात घ्या. देणगी थांबवूनही ओढाताण झाली, तर तुमच्या पाळकांसमोर हिशेबाचा कागद ठेवा आणि मोकळेपणाने बोला. डीकनने तर आधी बोलावं. मंडळीतले आणखी दहा जण त्याच ओढाताणीत असतील.

आईबापाचा मान राखायची ही आज्ञा आपल्याकडे लहान मुलांची समजली जाते. संडे स्कूलमध्ये घोकून घेतात, भिंतीवर लावतात आणि मोठं झाल्यावर विसरून जातात. अलायन्ससारख्या प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेल्यांना ती दहा आज्ञांतली पाचवी म्हणून माहीत असते, कॅथलिक घरांत चौथी म्हणून. क्रम कसाही लावा, पण सीनाय डोंगराशी ती ऐकायला उभे होते ते बायकामुलं असलेले कर्ते लोक, आणि त्यांच्यासोबत वाळवंटातून चालत होती त्यांची म्हातारी माणसं. नीतिसूत्रांतही म्हाताऱ्या आईला तुच्छ लेखू नको असं मोठ्या झालेल्या मुलालाच सांगितलं आहे. मराठी मुलखातून कॅनडात जाऊन हप्ते भरणारे तुम्ही, तुमच्यासाठीच ती आहे.

"बठ्ठं बरं शे" या उत्तरावर मात्र यापुढे विश्वास ठेवू नका. आपल्या खानदेशातली म्हातारी माणसं मागत नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि कूलर बंद, कारण बिल येतं. विचारलं तर म्हणतील, गारवा सोसत नाही. म्हणून "कशी आहेस?" विचारून फोन ठेवू नका. "आई, गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धर" म्हणा. किती गोळ्या उरल्या ते तुम्हाला दिसेल. दुपारी काय खाल्लं विचारा. सलग तीन दिवस भाकरी-चटणी ऐकू आली तर भाजी का आणली नाही ते विचारा. बाजारापर्यंत चालवत नसेल, पैसे नसतील, किंवा दात दुखत असतील. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. महावितरणचा ग्राहक क्रमांक जुन्या बिलावरून घ्या आणि बिल तिकडूनच ऑनलाइन भरत जा. मग कूलर चालेल.

पैसे ठरलेल्या तारखेला पाठवा, त्यांनी मागण्याआधी. आणि आईच्या स्वतःच्या खात्यात पाठवा. बाबांची पेन्शन बाबांच्या खात्यात येते. गोळी मोडणारी बाई नवऱ्याकडेही मागत नसते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. तिच्या खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे तेही बघा. मुलाचा भारतातला बंद पडलेला नंबर खात्याला तसाच राहतो, ओटीपी त्यावर जातो आणि आई बँकेत रांगेत उभी राहते. मुलाने आईबापाला पाठवलेल्या रकमेवर त्यांना भारतात आयकर लागत नाही, ती भीती काढून टाका.

बाबा ७४ चे आहेत, तेव्हा त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे दवाखान्यात भरती झाल्यावरचे उपचार त्यात मिळतात. ही सोय २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली. आधार कार्ड लागतं. योजनेत नवापूर-नंदुरबारकडचे कोणते दवाखाने आहेत ते बहिणीला आधीच विचारून ठेवायला सांगा, रात्री धावपळ नको. गोळ्यांचा रोजचा खर्च त्यात येत नाही. तो तुमचाच.

कायद्याचं एका वाक्यात सांगते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही लागू आहे. तुमचे आईबाबा त्या वाटेला कधी जाणार नाहीत, पण देशाच्या कायद्यालाही जे दिसतं ते विश्वासणाऱ्या घरात तरी दिसायला हवं.

आता पैशापलीकडचं, कारण नुसत्या पैशाने मान राखला जात नाही. तुम्ही फोन कधी करता ते लिहिलेलं नाही, पण परदेशातली आपली बहुतेक मंडळी रविवारी उपासनेनंतर करतात. तुमच्या दुपारी साडेबाराला नवापूरला उन्हाळ्यात रात्रीचे दहा आणि हिवाळ्यात अकरा वाजलेले असतात. नऊला झोपणारी माणसं तुमच्यासाठी डोळे ताणून बसतात. त्यापेक्षा शनिवारी रात्री साडेनऊला फोन करा. तिकडे रविवारची सकाळ असते, सात किंवा आठ. दोघं ताजीतवानी असतात, उपासनेला निघायची तयारी चाललेली असते. बाबांना म्हणा, आजचं वचन तुम्ही वाचा, प्रार्थना तुम्ही करा, आम्ही सगळे इकडे बसलोय. आयुष्यभर वर्गापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय खुपतं? आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे. नातवंडांना तेविसावं स्तोत्र मराठीत पाठ करून द्यायचं काम त्यांच्याकडे द्या. घर बदलायचं असेल, नोकरी सोडायची असेल, तर ठरवण्याआधी त्यांना विचारा. निर्णय तुमचाच राहील. माणसाने आईबापाला सोडून पत्नीशी जडून राहावं, हे उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे. तिथे वेगळं घर मांडायला सांगितलं आहे, त्यांना वाऱ्यावर सोडायला नाही.

(काही पत्रांतले आईबाप मारझोड करणारे असतात, मुलांच्या पैशावर दारू पिणारे असतात. पौलाने बापांनाही बजावलं आहे की मुलांना चिरडीस आणू नका. अशा घरात औषध-अन्नाची सोय करून अंतर राखलं तरी आज्ञा मोडत नाही. त्यावर वेगळं लिहीन.)

तुमच्या पत्नीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. आज्ञा "फक्त नवऱ्याच्या आईबापाचा" असं म्हणत नाही. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात तर आईचं नाव आधी आणि बापाचं नंतर आहे. विधवा झालेल्या नामीची साथ सोडली नाही ती रूथने, सुनेने, तेव्हा सासूसासऱ्यांशी आपलं नातं नाही असंही कुणी म्हणू नये. भुसावळ आणि नवापूर या दोन्ही घरांसाठी एकच मासिक रक्कम काढा आणि गरज बघून वाटा. एखाद्या महिन्यात भुसावळला काहीच लागणार नाही, एखाद्या महिन्यात सगळं तिकडेच जाईल. तिच्या घरचा हिशेब तिने मांडावा, तुमच्या घरचा तुम्ही, आणि शेवटी दोघांनी एका टेबलाशी बसून ठरवावं.

आणि बहीण. पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे, "येऊन-जाऊन बघते." योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभू वधस्तंभावर आहे आणि आई खाली उभी आहे. आपल्याला तिच्याजवळ राहता येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. त्या यातनेतही तो आपल्या एका शिष्याला तिच्यासाठी नेमून देतो: हा तुझा मुलगा, ही तुझी आई. शिष्याने तिला त्या घटकेपासून आपल्या घरी नेलं. तुमच्या घरात ते काम बहीण न नेमता करते आहे. नंदुरबारहून गाडी पकडते, आईला दवाखान्यात नेते, परत जाऊन स्वतःचा स्वयंपाक करते, आणि मंडळीत कौतुक होतं ते कॅनडातल्या मुलाचं. तिचा गाडीखर्च आणि आईसोबत जाणाऱ्या दिवसांचा खर्च वेगळा पाठवा, आईच्या पैशातून तिला काढायला लावू नका. तिच्या घरच्यांशी स्वतः बोला, तिला माहेरी पाठवतात म्हणून आभार माना. दर वर्षी निदान काही आठवडे तुम्ही किंवा तुमच्या पत्नीने जाऊन आईबाबांजवळ राहा, म्हणजे तेवढे दिवस तिला सुटी मिळेल.

शेवटचं जरा अवघड आहे. नवापूरच्या घराची गोष्ट आज ना उद्या निघेल, आणि कुणीतरी म्हणेल, मुलीकडून हक्कसोड लिहून घ्या. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात फरक नाही. तो कागद तुम्ही थांबवा, आणि बाबा धडधाकट आहेत तोवर त्यांना हे तुमच्या तोंडून ऐकू द्या. बहिणीला हा विषय काढावा लागू नये.