शेल स्क्रिप्टमध्ये बरोबर उत्तर मिळेपर्यंत प्रश्न परत परत कसा विचारायचा?

तुम्ही विचारलंय की हो-नाहीचा प्रश्न आहे, भलतंच काही टाइप झालं तर परत विचारायचंय, व्हाइल लूप लावलाय, पण कधी कधी तो थांबतच नाही आणि स्क्रीनभर तीच ओळ पळत सुटते.

पळणाऱ्या ओळीचं आधी सांगतो, कारण बाकीचं सोपं आहे. इनपुट संपलं की रीड हा उत्तर वाचणारा आदेश अपयशाचा कोड देतो आणि व्हेरिएबल रिकामं ठेवतो. तुमचा "व्हाइल ट्रू" तो कोड बघतच नाही. त्याला फक्त रिकामं उत्तर दिसतं, ते चुकीचं म्हणून तो परत विचारतो, आणि इनपुट तर संपलेलंच असतं. टर्मिनलवर कंट्रोल-डी दाबला तर एकदाच जास्तीचा प्रश्न येऊन निभावतं. पण स्क्रिप्टला पाइपमधून (दुसऱ्या आदेशाकडून) इनपुट दिलं, ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकलं, की लूप सुसाट. म्हणून रीडच्या पुढे "नाहीतर बाहेर पड" लिहाच, म्हणजे दोन उभ्या रेघा आणि एक्झिट १. त्याखाली केस, म्हणजे उत्तर बघून फांदी निवडणारा आदेश: हो असेल तर ब्रेक (लूपमधून बाहेर), नाही असेल तर तुमचं जे काय असेल ते, आणि शेवटी चांदणीच्या (म्हणजे बाकी काहीही आलं तर) फांदीत "हो किंवा नाही लिहा" एवढा निरोप. लूप आपोआप परत वर जातो. रीडला डॅश-आर द्यायला विसरू नका, नाहीतर उलटी तिरपी रेघ गिळली जाते. प्रश्न दाखवायला बॅश या शेलमध्ये डॅश-पी आहे. स्क्रिप्ट साध्या एसएच शेलवर चालणार असेल तर आधी प्रिंटएफने प्रश्न छापा.

दुसरी एक जागा तपासा. तुम्ही एखादी फाइल ओळीओळीने वाचताय आणि त्याच लूपमध्ये माणसालाही विचारताय का? मग आतला रीड माणसाची वाट बघत नाही, फाइलची पुढची ओळच उत्तर म्हणून उचलतो. आतल्या रीडला इनपुट /डेव्ह/टीटीवाय वरून, म्हणजे थेट टर्मिनलवरून द्या (हे अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचं).

आता जे मला महागात पडलं ते. खानापूर तालुक्यातल्या एका गावात डेअरीच्या दूध संकलनासाठी मी अशीच स्क्रिप्ट लिहून दिली होती. सभासद क्रमांक विचारायचा, मग लिटर, मग फॅट, शेवटी "नोंद करू का?". क्रमांक तीन आकडी, पुढे शून्यं लावलेले. ००८ टाकला की स्क्रिप्ट एरर देऊन अडायची, ते लगेच कळलं. पण ०१० टाकला की काहीच तक्रार नाही, आणि दूध ८ नंबरच्या खात्यावर! बॅशच्या दुहेरी कंसातल्या गणितात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान (० ते ७ एवढेच अंक असलेल्या) पद्धतीचा धरला जातो. तिथे ०१० म्हणजे ८, आणि ८ व ९ हे अंक तर नसतातच. बिल वाटायच्या दिवशी एक आजी म्हणाल्या, "बाळा, रोज दूध घालतोय की आम्ही, मग बिल कुठं गेलं?" त्यांना तोंड द्यायला जड गेलं. तेव्हापासून क्रमांक आला की आधी केसने तपासतो की त्यात अंकांशिवाय काही नाही ना, आणि मग गणितात त्याच्या आधी १०# लावतो, म्हणजे तो दशमान धरला जातो. मराठी कीबोर्ड चालू राहून देवनागरी अंक आले तर बॅशला त्यांचं गणित करता येत नाही, तेही याच तपासणीत अडवा.

हो-नाहीचंही आमच्याकडे वेगळंच. काउंटरवरचा मुलगा मराठीही बोलतो, कानडीही. मराठीत "हो", कानडीत "हौदु". देवनागरीत लिहिलं तर दोन्ही ह ने सुरू, म्हणून मला वाटलं चौकोनी कंसात (म्हणजे यातलं कुठलंही एक अक्षर) ह आणि इंग्रजी वाय ठेवला की झालं. माझ्या मशीनवर चाललं. डेअरीच्या जुन्या मशीनवर लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, "सी" होतं, आणि तिथे "नाही" लिहिलं तरी हो धरलं जायचं. कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, आणि सगळ्यांचा पहिला बाइट एकच. "सी" लोकेलमध्ये कंस अक्षर बघत नाही, सुटा बाइट बघतो. त्याला ह आणि न सारखेच. चौकोनी कंस काढून ह-चांदणी आणि वाय-चांदणी असे दोन वेगळे नमुने मधे उभी रेघ देऊन लिहिले की कुठल्याही लोकेलमध्ये बरोबर चालतं.

पर्याय दोनापेक्षा जास्त असतील तर बॅशचा सिलेक्ट वापरा. तो यादीला क्रमांक देऊन स्वतःच परत परत विचारतो, तुम्ही फक्त ब्रेक द्यायचा.

लूप तयार झाला की एकदा इनपुट /डेव्ह/नल वरून, म्हणजे रिकामंच, देऊन स्क्रिप्ट चालवा. ती लगेच बाहेर पडली तर तुमची पळणारी ओळ थांबली म्हणून समजा.