चौसष्टाव्या वर्षी ट्रॅडिशनल आयआरएचे पैसे रॉथमध्ये न्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं ६४ वर्षांचे, न्यू जर्सीत राहता. गेल्या वर्षी नोकरी सोडली, ४०१के (नोकरीतलं निवृत्ती खातं) रोलओव्हर होऊन, म्हणजे वळवून, ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती खातं, ज्यात कर पैसे काढताना लागतो) साधारण १४ लाख डॉलर आहेत. त्याशिवाय बाहेर बचतही आहे. सल्लागार म्हणतो सगळं रॉथ (कर आधी भरायचा, पुढे काढताना कर नाही असं खातं) करून टाका. मेव्हणा म्हणतो, या वयात आपण होऊन कर कशाला भरायचा?

मेव्हण्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या लोकांत हे फार ऐकू येतं. नोकरीत असताना त्याचं बरोबरच होतं. पगार जास्त, ब्रॅकेट (कराच्या दराचा टप्पा) वरचं, म्हणून कर पुढे ढकलला. पण ढकललेला कर माफ होत नाही. त्या १४ लाखांतला एक हिस्सा सरकारचा आहे, आणि किती टक्के ते अजून ठरायचं आहे. कन्व्हर्जन, म्हणजे पैसे रॉथमध्ये नेणं, याचा अर्थ तो हिस्सा आजच्या दराने चुकता करणं. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की आजचा दर कमी की पुढचा.

दर सारखाच राहिला तर काहीच फरक पडत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. १ लाख डॉलर ट्रॅडिशनलमध्ये दुप्पट होऊन २ लाख झाले आणि २२ टक्के कर गेला, तर हातात १ लाख ५६ हजार. आज २२ टक्के भरून उरलेले ७८ हजार रॉथमध्ये दुप्पट झाले, तरी १ लाख ५६ हजारच. "रॉथमध्ये वाढ करमुक्त असते" हे वाक्य ऐकून हुरळून जाऊ नका. फायदा होतो तो दर वेगळे असतील तेव्हा, किंवा कर आयआरएतून न कापता बाहेरच्या बचतीतून भराल तेव्हा. मग पूर्ण १ लाख रॉथमध्ये जातात, आणि बाहेरच्या ज्या पैशांच्या व्याजावर तुम्ही दरवर्षी कर भरत होता ते त्या कामी येतात. बाहेर पैसे नसते तर मी तुम्हाला फारसा आग्रह केला नसता.

आता तुमचे दर पाहू. पगार थांबलाय, सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) बहुधा सुरू केलेली नाही आणि सक्तीचं वार्षिक वितरण, म्हणजे आरएमडी, अजून लांब आहे. ही आरएमडी पूर्वी साडेसत्तराव्या वर्षी सुरू व्हायची, मग ७२, आता ७३, आणि १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ७५. म्हणजे तुमच्याकडे दहा-अकरा वर्षांची मोकळी खिडकी आहे. २०२६ साली जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) ३२,२०० डॉलर, आणि ते वजा केल्यावर उरलेल्या उत्पन्नावर १२ टक्क्यांचं ब्रॅकेट १,००,८०० पर्यंत. व्याज-लाभांश मिळून २० हजार धरले, तर १ लाख १३ हजार कन्व्हर्ट केले तरी तुम्ही १२ टक्क्यांच्या आतच. फेडरल कर साधारण ११,६०० डॉलर. (लाभांश क्वालिफाइड, म्हणजे सवलतीच्या दराचे, असतील तर आणखी कमी.)

काहीच केलं नाही तर? ५ टक्के वाढ धरली तर ७५ व्या वर्षी १४ लाखांचे जवळपास २४ लाख होतील. आरएमडी काढायला शिल्लक ज्याने भागतात तो त्या वयाचा भाजक २४.६ आहे, म्हणजे पहिलीच आरएमडी सुमारे ९७ हजार, गरज असो वा नसो. त्यावर दोघांची सोशल सिक्युरिटी, जिचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग करपात्र ठरतो. महागाईबरोबर ब्रॅकेटही वर सरकतात, म्हणून हे आकडे दिसतात तेवढे भयंकर नाहीत. तरीही १२ टक्क्यांत राहणं अवघड. २२ मध्ये जाल.

पण माझ्या मते खरा मुद्दा पुढचा आहे, आणि त्यावर घरात बोलायला कोणालाच आवडत नाही. दोघांपैकी एक जण आधी जाणार. त्यानंतरच्या वर्षापासून मागे राहिलेली व्यक्ती सिंगल म्हणून रिटर्न भरते. आयआरए तेवढाच, आरएमडी जवळपास तेवढीच, सोशल सिक्युरिटीतली लहान रक्कम बंद, आणि ब्रॅकेट निम्मी. २०२६ च्या तक्त्यात सिंगलसाठी १२ टक्के ५०,४०० ला संपतात आणि १,०५,७०० नंतर २४ टक्के लागतात. दोघं असताना २२ टक्क्यांत बसणारं उत्पन्न एकटीला किंवा एकट्याला २४ मध्ये नेतं, वर मेडिकेअरचा (६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) हप्ता वाढतो तो वेगळा. मी स्वतः निवृत्तीनंतर दरवर्षी थोडं थोडं कन्व्हर्जन करत आलोय ते मुख्यतः याच कारणासाठी. आमच्याकडे हिशेब मी पाहतो, आणि बायकोला माझ्यामागे हे निस्तरत बसायला लागू नये.

मुलांचंही तसंच. २०१९ च्या कायद्यापासून वारसा मिळालेला आयआरए मुलांना बहुतेक वेळा दहा वर्षांत रिकामा करावा लागतो. मुलं तेव्हा पन्नाशीत, कमाईच्या शिखरावर असतील. दोघं सॉफ्टवेअरमध्ये असतील तर तुमचे पैसे त्यांच्या ३२ किंवा ३५ टक्क्यांत भरडले जातील. रॉथलाही दहा वर्षांची मुदत आहे, पण काढताना कर नाही. उलट मुलगी शाळेत शिक्षिका असेल, कमी ब्रॅकेटमध्ये असेल, तर तिच्यासाठी तुम्ही २४ टक्के भरणं वेडेपणाच.

म्हणून सल्लागाराचं "सगळं" मला पटत नाही. एका वर्षात १४ लाख केलेत तर बरीचशी रक्कम ३५ आणि ३७ टक्क्यांत जाईल. आणि ट्रॅडिशनलमध्ये थोडं ठेवणं शहाणपणाचं असतं. पुढेही स्टँडर्ड डिडक्शन मिळणारच आहे, त्यात मावेल तेवढं जवळपास फुकट निघतं. शिवाय साडेसत्तर वर्षांनंतर आयआरएमधून थेट धर्मादाय संस्थेला दिलेली रक्कम करपात्र धरत नाहीत आणि आरएमडीतही मोजतात. मंदिर किंवा महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकेत मान्यता असलेली धर्मादाय संस्था, असेल तर चालतं. गावाकडच्या ट्रस्टला थेट पाठवलेले पैसे मात्र यात बसत नाहीत. एक आगाऊ विचारतो, राग मानू नका: हे पैसे रॉथ करून एखाद्या ॲन्युइटीत (विमा कंपनीची ठरावीक उत्पन्नाची योजना) टाकायचं तर सल्लागार सुचवत नाही ना? तसं असेल तर त्याला कमिशन किती मिळणार ते आधी विचारा.

मेडिकेअरचं नीट ऐका, कारण बरेच जण इथेच फसतात. तुमचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. २०२६ च्या हप्त्यासाठी जोडप्याची सीमा २,१८,००० आहे. त्यावर एक डॉलर गेला तरी पार्ट बीचा (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) महिन्याचा हप्ता माणशी २०२.९० वरून २८४.१० डॉलर होतो, पार्ट डी (औषधांचा भाग) वरही थोडा भार येतो, आणि दोघांचं मिळून वर्षाला साधारण २,३०० डॉलर जास्त जातात. तेव्हा सीमेच्या बरेच अलीकडे थांबायचं. ६५ पूर्ण होताना गेल्या वर्षीच्या पगारामुळे वाढीव हप्त्याचं पत्र आलं, तर एसएसए-४४ फॉर्म भरून "नोकरी सोडली" हे कारण द्या, ते मान्य होतं. कन्व्हर्जनमुळे उत्पन्न वाढलं हे कारण मात्र चालत नाही. ६५ पूर्ण होईपर्यंतच्या मधल्या वर्षात मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) आरोग्य विमा घेतला असेल, तर त्यातली सबसिडीही उत्पन्नावरच असते. त्या वर्षी कन्व्हर्जन कमी किंवा अजिबात नको.

न्यू जर्सीची गंमत आणखी वेगळी. ६२ नंतर जोडप्याला पेन्शन-आयआरएवर १ लाखापर्यंत वगळणूक आहे, पण एकूण उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तरच पूर्ण. पुढे ती ५०, मग २५ टक्के होते आणि दीड लाखाच्या वर शून्य. म्हणजे फेडरल हिशेबाने १ लाख ३३ हजार उत्पन्न छान दिसतं, राज्याच्या हिशेबाने १ लाखाच्या आत थांबणं जास्त फायद्याचं ठरू शकतं. फ्लोरिडा-टेक्सासला मुलाजवळ जाण्याचं ठरलंच असेल, तर मोठी कन्व्हर्जन्स तिकडे गेल्यावर करा. तिथे राज्याचा आयकर नाही.

कृती सोपी आहे. डिसेंबरमध्ये करा, तोवर वर्षाचं उत्पन्न कळलेलं असतं. मुदत ३१ डिसेंबर, एप्रिल नाही. २०१८ पासून कन्व्हर्जन उलटवता येत नाही, त्यामुळे आधी टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये आकडे घालून बघा. रॉथ खातं याआधी कधीच उघडलं नसेल तर यंदा छोट्या रकमेने तरी उघडा. वाढीवर कर न लागण्यासाठीची पाच वर्षं तिथून मोजली जातात. कन्व्हर्ट केलेली मूळ रक्कम तुमच्या वयात कधीही काढता येते. आणि कोणी "कर त्यातूनच कापून घेऊ का" असं विचारलं तर नाही म्हणा. कर तिमाही हप्त्याने बाहेरून भरा.

भारतात परतायचा विचार असेल तर गणित बदलतं. भारताचे पूर्ण रहिवासी झालात की जगभरचं उत्पन्न तिथे करपात्र होतं, आणि रॉथची करमुक्ती हा अमेरिकेचा नियम आहे, तो भारताला आपोआप लागू होत नाही. परतल्यावर सुरुवातीची दोनेक वर्षं आरएनओआर (रहिवासी, पण अजून पूर्ण रहिवासी न धरलेले) म्हणून सवलतीची मिळतात. करायचं ते त्याआधी किंवा त्या काळात उरका, आणि दोन्हीकडचे कायदे जाणणारा सीए गाठा. वर्षाचे चार-पाच महिने पुण्यात राहून येणार असाल तर एवढी काळजी नको.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत: सोशल सिक्युरिटी कधी घेणार, आणि आयआरएमध्ये कर भरून टाकलेली काही रक्कम आहे का. न्यू जर्सी आयआरएच्या योगदानावर वजावट देत नाही, त्यामुळे नोकरीच्या काळात थेट आयआरएत टाकलेल्या पैशांवर राज्याचा कर तुम्ही बहुधा आधीच भरलाय. ते जुने कागद आणि फॉर्म ८६०६ (आयआरएत कर भरून टाकलेल्या रकमेची फेडरल नोंद) शोधा, नाहीतर त्याच पैशांवर दुसऱ्यांदा भराल.